ट्रस रॉड हा अ‍ॅक्शन उतरवायचा स्क्रू नाही

‘पाच मिनिटांत लो अ‍ॅक्शन, बझ शून्य’ असा एक मेसेज सध्या गिटार शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे नेकवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या; अ‍ॅक्शन म्हणजे तारांची त्यांच्यापासूनची उंची आणि बझ म्हणजे तार त्यांना लागून होणारी खरखर. माझ्या भाच्यापर्यंत तो पोचला. त्याने अ‍ॅलन की लावून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, जोरात आवळला आणि आता त्याच्या नव्या गिटारवर पहिल्या चार फ्रेटमध्ये एकही सूर स्वच्छ निघत नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तारा खाली येईपर्यंत ट्रस रॉड आवळत राहा, नेक पट्टीसारखी सरळ झाली पाहिजे, बझ येणारा फ्रेट पॉलिश पेपरने घासा, बारीक तारा लावा, कुठल्याही गिटारची अ‍ॅक्शन १ मिलीमीटरवर येते.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या सल्ल्याने होतं. तारांचा ताण नेकला सतत पुढे ओढतो. त्या ओढीला आतून उलटा जोर देऊन नेक धरून ठेवायची, हे ट्रस रॉडचं काम. गिब्सन या गिटार कंपनीतल्या थॅडिअस मॅकह्यूने १९२१ साली पेटंटसाठी अर्ज केला तोही याचसाठी. तारांची उंची ठरते बॉडीवरच्या ब्रिजमधल्या सॅडलने, म्हणजे तारा टेकतात त्या आधाराने, आणि दुसऱ्या टोकाला नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या, खाचांनी. रॉडचा परिणाम मुख्यतः नेकच्या मधल्या भागावर होतो; जिथे नेक बॉडीला जोडली जाते तिथे तो जवळजवळ नसतोच. म्हणजे वरच्या फ्रेटवरची उंची कमी करायला तुम्ही रॉड पिळत बसलात, तर तिथे फारसं काही होत नाही आणि मधे नेक मागे वाकते.

आणि नेक अगदी सरळ कशाला हवी? छेडलेली तार मधोमध सगळ्यात जास्त हलते. तिला हलायला जागा म्हणून नेकला किंचित पुढचा बाक ठेवतात, त्याला रिलीफ म्हणतात. फेंडर या गिटार कंपनीच्या स्वतःच्या सेटअप गाइडमध्ये हे आकड्यांत दिलंय. गिटार सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवरची फट मोजा. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकचा बोटं ठेवायचा पृष्ठभाग, किंचित गोलसर असतो; त्या गोलाईची त्रिज्या म्हणजे रेडियस. ९.५ ते १२ इंच रेडियसच्या फिंगरबोर्डला ती ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलीमीटर. मोजायला गॅरेजवाले वापरतात तोच फिलर गेज चालतो. बनवणारी कंपनी फट ठेवा म्हणते आणि हा मेसेज ती मिटवायला सांगतो!

नेक खूपच पुढे वाकलेली असेल, तर रॉड आवळल्यावर तारा थोड्या खाली येतात, हे खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा तसलीच एखादी गिटार भेटली असावी. पण तिथेही एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावणं, पुन्हा मोजणं. लाकूड सावकाश हलतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बघायचं. रॉडचा आवळायचा नट अडला तर थांबायचं. जोर लावला की आटे जातात किंवा रॉड तुटतो, आणि त्याची दुरुस्ती कित्येकदा स्वस्त गिटारच्या किमतीच्या पुढे जाते.

फ्रेट घासायचा सल्ला तर वाचूनच संताप आला. पाचव्या फ्रेटवर बोट ठेवल्यावर खरखर येते, तेव्हा तार पाचव्याला लागत नसते. ती पुढच्या, बहुधा सहाव्या फ्रेटला लागते. पाचवा घासलात तर तार अजून खाली जाणार आणि बझ वाढणार. घासलेला धातू परत चढत नाही. एकाच जागी बझ असेल तर तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी टेकवून बघा. मधला उंच असेल तर पट्टी डुगडुगते. मग गिटार चांगल्या कारागिराकडे न्या. नुसती मोकळी तार खरखरत असेल तर आधी नटची खाच बघा, ती जास्त खोल गेलेली असू शकते.

बारीक तारांचं उलटंच आहे. पहिली तार .०१० इंच जाडीच्या ऐवजी .००९ इंचाची लावली, की त्याच सुराला ताण साधारण १९ टक्क्यांनी उतरतो. सैल तार जास्त हलते. शिवाय ओढ कमी झाल्याने नेक मागे जाते. दोन्हींनी बझ वाढतो.

राहिला १ मिलीमीटरचा दावा. फेंडरच्या त्याच गाइडमध्ये सतराव्या फ्रेटवर ९.५ ते १२ इंच रेडियसला दोन्ही बाजूंना ४/६४ इंच, म्हणजे १.६ मिलीमीटर दिलेत. ७.२५ इंचाच्या जुन्या पद्धतीच्या गोलसर बोर्डाला जाड तारेकडे ५/६४, म्हणजे साधारण २ मिलीमीटर. फ्रेट नीट लेव्हल केलेले असतील आणि हात हलका असेल, तर याखाली जाता येतं, जाणारे आहेत. अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारी थोडी खरखर अनेक वादक चालवूनही घेतात. पण गोलसर बोर्डावर तारा फार खाली आणून पहिली तार बेंड केली, म्हणजे दाबून आडवी ओढली, की ती बोर्डाच्या मधल्या उंचवट्यावर पुढच्या फ्रेटना टेकते आणि सूर मधेच मरतो. तिथे सॅडल वर घेण्यावाचून इलाज नाही.