सगळे दिवे हिरवे, आवाज मात्र नाही

जुन्या शॉर्टवेव्हला भीड होती. स्टेशन कितीही लांबचं असो, आभाळात वळवाचे ढग असोत, खरखरीतून दोन शब्द कानावर पडायचेच. उरलेले दोन आपण पदरचे घालायचे आणि बातमी पुरी करून पारावर सांगायची. अख्ख्या मुलखानं रेडिओ सिलोन ऐकलं ते याच तडजोडीवर. डिजिटल शॉर्टवेव्हला असली भीडभाड ठाऊक नाही. सिग्नल पुरेसा असेल तर निवेदक शेजारी बसून बोलतोय इतका लख्ख आवाज. एखादा डेसिबल कमी पडला की चिडीचूप. पदरचं घालायला जागाच ठेवलेली नाही.

या प्रकाराचं नाव डीआरएम, लांबवून सांगायचं तर डिजिटल रेडिओ मोंडिआल. १६ जून २००३ रोजी जिनिव्हात त्याचं अधिकृत प्रक्षेपण सुरू झालं. साध्या एएम स्टेशनात मधोमध एक कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर, असतो. इथं १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोनशेच्या आसपास बारीक कॅरियर, शॉर्टवेव्हवर नेहमी लागणाऱ्या बी मोडमध्ये एकमेकांपासून ४६.८७५ हर्ट्झवर, दाटीवाटीनं उभे असतात आणि सगळे मिळून आवाजाचे आकडे वाहून नेतात. साध्या ट्रान्झिस्टरवर हे ऐकलं तर नुसती एकसुरी फसफस. तीच फसफस ऐकून ज्याचा चेहरा खुलतो तो आमच्या पंथातला समजावा.

सुरुवात तारेपासून. मराठवाड्यात हे काम सोपं आहे, कारण पाणी लागो न लागो, बोअर घराघरात आहे आणि बोअरची मोटार जळणं हा वार्षिक कार्यक्रम आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावाला मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत आणि त्यात सबमर्सिबलची, प्लास्टिकच्या आवरणाची तांब्याची तार किलोवर मिळते. अँटेनाला ती उत्तम. दुकानदार मात्र विचारतो, "किती एचपीची मोटार?" त्याला शॉर्टवेव्ह समजावत बसू नये. तीन एचपी म्हणावं आणि वीस मीटर तार घेऊन यावं.

एक टोक स्लॅबवरच्या टाकीच्या खांबाला, दुसरं कडुलिंबाला. तार थेट फांदीला बांधायची नाही. मध्ये पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आणि त्यापुढं नायलॉनची दोरी. लिंबाकडची दोरी कप्पीवरून घेऊन खाली वीट लटकवावी, म्हणजे वाऱ्यानं झाड हललं की वीट वरखाली होते आणि तार तुटत नाही. वानरांची टोळी फिरत असेल तर वीट जरा जड घ्यावी. घर पत्र्याचं असेल तर पत्र्याला लागून तार टाकण्यात अर्थ नाही, सिग्नल पत्राच गिळतो. किमान दोन-तीन मीटर वर हवी. हे चालू असताना खालून चौकशी होतेच.

"काय बांधायलाव, काका?"

"रेडिओची तार."

"रेडिओ तर मोबाइलमधी हाय की!"

यावर उत्तर नाही. असलं तरी लिंबावरून देता येत नाही.

तार खाली आली की ९:१ चा बालन, म्हणजे तारेचा आणि केबलचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर. एफटी १४०-४३ नावाचं फेराइटचं कडं घ्यायचं, तीन तारा एकत्र धरून त्यावर नऊ वेढे घालायचे आणि त्या तिन्ही एकापुढे एक जोडायच्या. वेढ्यांचं प्रमाण तीनास एक, म्हणून इम्पीडन्सचं, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विरोधाचं, नवास एक. लांब तारेचे साडेचारशे ओहम पन्नासावर येतात. हे कडं लातूर-नांदेडच्या दुकानात शोधत फिरू नये, ऑनलाइन मागवावं. जळक्या चार्जरमधून काढलेलं कडं कुठल्या जातीचं आहे ते कळत नाही, आणि फेराइटच्या बाबतीत जात बघावीच लागते. तिथून खाली डिशची उरलेली आरजी-६ केबल चालते. ती ७५ ओहमची आहे म्हणून नेटवर भांडणं होतात; नुसतं ऐकायचं असेल तर त्या फरकानं काही बिघडत नाही. बिघडतं ते टोकाला. डिशच्या केबलला एफ कनेक्टर, रिसीव्हरच्या डोंगलला (तो पुढं येतोच) एसएमए नावाचा बारीक कनेक्टर. मधला जोड मोबाइलवाल्याकडं मागितला तर तो डिशवाल्याकडं पाठवतो, आणि डिशवाला मोबाइलवाल्याकडं.

अर्थिंगला पाच फुटी जीआय पाइप ठोकावा. घराच्या विजेचं अर्थिंग यात वापरायचं नाही, ते सगळ्या घराचा कचरा घेऊन येतं. काळ्या रानात पावसाळ्यात पाइप लोण्यात गेल्यासारखा जातो, पण मार्चपासून भुई भेगाळते, पाइपाभोवती बोटभर फट पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं. टँकरचं पाणी रेडिओला घातलं तर घरात काय होईल हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही. भांडी विसळलेलं पाणी घालावं, त्याला कुणी हरकत घेत नाही.

रिसीव्हर म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल, पेन ड्राइव्हहून थोडा मोठा; लॅपटॉपला लावायचा आणि बाकीचा रेडिओ सॉफ्टवेअरनं करायचा. त्याचा मूळ ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही, म्हणून व्ही-३ डोंगलला डायरेक्ट सॅम्पलिंगच्या क्यू शाखेवर टाकावं लागतं, म्हणजे ट्यूनर वगळून सिग्नल थेट मोजायला लावायचा. इथं एक गंमत आहे. सॅम्पलिंग २८.८ मेगाहर्ट्झनं होतं, त्यामुळे १४.४ च्या पलीकडचं सगळं आरशात पडल्यासारखं अलीकडं दिसतं: १५.०५ वरचं स्टेशन १३.७५ वर उलटं उभं. नवखा माणूस ते नवीन स्टेशन सापडलं म्हणून वहीत लिहून मोकळा होतो. व्ही-४ मध्ये सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा अपकन्व्हर्टर आतच बसवलेला आहे, ही भानगड नाही. दुसरी अडचण आठ बिटांची. एका बिटाला सहा डेसिबल धरले तरी अठ्ठेचाळीसच्या वर मजल जात नाही, आणि जवळच आकाशवाणीचं मीडियमवेव्ह केंद्र असलं तर ते एकटंच सगळी जागा अडवतं. परभणीकरांना १३०५ किलोहर्ट्झ घरचंच, त्यांनी २.६ मेगाहर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचं सगळं अडवणारा, आधी घ्यावा, डोंगल मागाहून.

इथवरचं बाजारात मिळतं. खरी लढाई नॉइजशी, म्हणजे विजेच्या उपकरणांच्या खरखरीशी, आणि तो घरचाच असतो. एलईडी बल्ब, वायफायचा राउटर, लॅपटॉपचा चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर, बॅटरीचा इन्व्हर्टर, फ्रीज. धरपकड करायची रीत ठरलेली आहे. लॅपटॉप बॅटरीवर घ्या, वॉटरफॉल (सगळा पट्टा धबधब्यासारखा सरकत दाखवणारा पडदा) उघडा आणि मेन स्विच पाडा. पडदा एकदम काळा झाला तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडद्यावर उभ्या रेघांचं रान माजेल त्या खोलीत शिरा आणि एकेक बटण बंद करा. हे रात्री साडेनऊला केलं तर नॉइज सापडायच्या आधी माणसं सापडतात. बहुतेक वेळा गुन्हेगार स्वस्तातला एलईडी नाहीतर चार्जर असतो. बल्ब बदलावा, चार्जरच्या वायरीला जोडावर फेराइटची क्लिप लावून तिचे चार-पाच वेढे घ्यावेत.

म्हणून लाईट गेल्यावर ज्याला आनंद होतो असा मराठवाड्यातला एकमेव नागरिक म्हणजे डीआरएमवाला. गल्ली अंधारली की नॉइज फ्लोअर, म्हणजे खरखरीची पातळी, झर्रकन खाली येतो, आदल्या क्षणी न दिसणारं स्टेशन पडद्यावर सपाट माथ्याच्या, काटकोनी कडांच्या पट्ट्यासारखं उगवतं. हे सुख मिनिटभराचं. मग शेजारपाजारचे इन्व्हर्टर एकेक करून जागे होतात. महावितरणवर प्रेम करणारे आम्ही, पण तेही निभू देत नाहीत.

गावाबाहेर राहणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो. त्याच्या वाट्याला झटका मशीन येतं. रोही आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा वाचवायला कुंपणाच्या तारेत सोलरवर सोडलेला हा झटका साधारण सेकंदाला एक या हिशेबानं पडतो, आणि वॉटरफॉलवर दर ठोक्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ उमटते. डीआरएमची माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांत येते; एक फ्रेम ४०० मिलिसेकंदांची, तीन मिळून सुपरफ्रेम १.२ सेकंदांची, म्हणजे प्रत्येक सुपरफ्रेमला बहुधा एक झटका ठरलेला. तरी नीट कुंपणाचा बारीक झटका चुका दुरुस्त करणारी योजना पचवते, कारण माहिती वेळेत पसरून पाठवलेली असते. त्रास देतं ते गवत चिकटलेलं कुंपण. तारेला ओलं गवत लागलं की ठिणगी उडते आणि झटका लांबतो. शेतकऱ्याला "मशीन बंद करा" म्हणण्याची सोय नाही, त्याचं पीक आहे. "दादा, तारेला गवत लागल्यानं झटका कमी बसायलाय, डुकरं शिरतील" असं म्हणावं. दुसऱ्या दिवशी बांध साफ.

आता सॉफ्टवेअर. जर्मनीत डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात लिहिलेला 'ड्रीम' हा डीआरएम उलगडणारा फुकट प्रोग्राम आहे. डोंगल चालवणाऱ्या एसडीआर प्रोग्रामचा आवाज ड्रीमपर्यंत न्यायला व्हर्च्युअल केबल, म्हणजे सॉफ्टवेअरमधलीच वायर, लागते. तिच्यात 'केबल इनपुट' नावाची चीज विंडोजला स्पीकर वाटते आणि 'केबल आउटपुट' माइक. म्हणून एसडीआरचं आउटपुट इनपुटात, ड्रीमचं इनपुट आउटपुटात. वाक्य पुन्हा वाचा, बरोबर आहे. दोन्हीकडं ४८००० हर्ट्झ. स्टेशन ९९५० वर असेल तर यूएसबी मोडमध्ये (अपर साइडबँड, खोबणीची यूएसबी नव्हे) ९९४५ लावायचं, पट्टा १० किलोहर्ट्झचा, 'फिल्टर ऑडिओ'ची खूण काढलेली, नॉइज रिडक्शन बंद. कानाला गोड करणारं प्रत्येक बटण इथं विष आहे. केबललाच विंडोजचा मुख्य स्पीकर करून ठेवू नये. मेल आल्याची टिंग त्याच वाटेनं ड्रीममध्ये घुसते आणि जुळलेलं सिंक सुटतं. पट्टा दिसतोय पण काही जुळत नाही, असं झालं तर स्पेक्ट्रम उलटा करायची खूण करून पाहावी, वर सांगितलेला आरसा आठवून.

मग दिव्यांकडं बघत बसायचं. आधी वेळ आणि फ्रेम जुळल्याचे टाइम सिंक, फ्रेम सिंक, मग माहितीच्या तीन वाहिन्यांचे एफएसी, एसडीसी, एमएससी, या क्रमानं ते लाल-पिवळ्याचे हिरवे होतात. आकडे लहरीवर लादायच्या पद्धतीला क्यूएएम म्हणतात; एफएसी साध्या ४-क्यूएएममध्ये असल्यानं ती लवकर लागते. एसडीसी लागली की स्टेशनचं नाव झळकतं. आवाज असतो एमएससीत, १६ किंवा ६४-क्यूएएममध्ये. १६ ला साधारण पंधरा डेसिबलच्या आसपास सिग्नल-नॉइज गुणोत्तर लागतं, ६४ ला आणखी काही. चौदावर नाव दिसतं, भाषा दिसते, बोलणं नाही. या अवस्थेत माणसं अर्धा-अर्धा तास बसतात आणि जेवायला बोलावणाऱ्याला "आलोच" म्हणतात.

त्याहून वाईट म्हणजे पाचही दिवे हिरवे आणि तरी शांतता. लग्नाला सगळं वऱ्हाड आलंय, भटजी आलेत, फक्त नवरदेव नाही. इथं अँटेनाला हात लावू नये. दोष डीकोडरचा असतो. जुन्या ड्रीमला एएसी पद्धतीनं दाबून पाठवलेल्या आवाजासाठी फाड-२ नावाच्या डीकोडरची डीएलएल फाइल वेगळी आणून त्याच फोल्डरात ठेवावी लागते, परवान्यांच्या भानगडीमुळे ती सोबत देत नाहीत. ती ठेवूनही गप्प असेल तर स्टेशन एक्सएचई-एएसी या नव्या पद्धतीत आहे. त्याला ड्रीमची २.२ किंवा पुढची, एफडीके नावाच्या डीकोडरसह बांधलेली आवृत्ती लागते.

वेळेचं थोडक्यात. दिवसा १३ ते १७ मेगाहर्ट्झ, रात्री ५ ते ९. जवळचं स्टेशन सोपं, हा भ्रम. बंगळूर लातूरपासून सरळ रेषेत सहाशे किलोमीटर, पण परदेशाकडं तोंड केलेला वरच्या बँडचा झोत आपल्या डोक्यावरून उडी मारून जातो आणि चीनचं स्टेशन मात्र खणखणीत लागतं. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची वेळापत्रकं बदलतात. आपली घड्याळं आहेत तिथंच, स्टेशनं मात्र घर बदलून गेलेली.

वळवाच्या दिवसांत वीज पार दूरच्या जिल्ह्यात कडाडली तरी इथं फ्रेमा गळतात. गडगडाट कानावर आला तर केबल काढायची, तिचं टोक खिडकीच्या बाहेर ठेवायचं. नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही, मराठवाड्यात दरवर्षी विजेनं माणसं-जनावरं जातात.

आणि एवढं सगळं जमून आवाज लागला, तर स्टेशनला अहवाल पाठवावा. उलट टपालानं क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोचपावती, येऊ शकतं. अहवालात फ्रिक्वेन्सी, मोड, सिग्नल-नॉइज, किती फ्रेमा उलगडल्या आणि कार्यक्रमात काय होतं ते लिहावं. ड्रीमची लॉग फाइल यातलं बरंचसं आपणहून टिपते. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री अकराला ऐकलं तर १७३०. सवयीनं २३०० लिहिलं, तर तिकडचा इंजिनिअर नम्रपणे कळवतो की त्या वेळी आमचा ट्रान्समीटर बंद होता.