फेडररचे 9,700 कोटी रॅकेटने आलेले नाहीत

नाशिकमध्ये मुलांना टेनिसच्या क्लासला घालणाऱ्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मथितार्थ असा: रॉजर फेडररने टेनिस खेळून 9,700 कोटी रुपये कमावले, तो टेनिसमधला पहिला अब्जाधीश, आणि सगळा पैसा त्याच्या खात्यात जमा आहे, तेव्हा पोराच्या हातातली बॅट काढा, रॅकेट द्या. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत सगळे डोळे झाकून पुढे ढकलतायत.

आधी आकडा बघू. 'फोर्ब्ज'ने 2025 मध्ये फेडररच्या संपत्तीचा अंदाज 1.1 अब्ज डॉलर, म्हणजे 110 कोटी डॉलर असा बांधला. त्याला रुपयाच्या दराने गुणलं की झाले 9,700 कोटी. कोर्टवरची कमाई ही नव्हे. ती एटीपीच्या, म्हणजे पुरुष टेनिसपटूंच्या व्यावसायिक संघटनेच्या, दफ्तरी वेगळी नोंदलेली आहे: अख्ख्या कारकिर्दीत सुमारे 13 कोटी 6 लाख डॉलर. त्यातला छदामही खर्च झाला नाही असं धरलं, तरी हा त्या संपत्तीचा जेमतेम आठवा हिस्सा. उरलेलं आलं कुठून? जाहिरात करारांतून आणि गुंतवणुकीतून. 2018 मध्ये त्याने युनिक्लो या जपानी कपडेकंपनीशी केलेला करार 10 वर्षांचा आणि 30 कोटी डॉलरचा असल्याचं तेव्हाच छापून आलं होतं. 2019 मध्ये त्याने 'ऑन' या स्विस बूटकंपनीत पैसे घातले आणि 2021 मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. बक्षिसांत जोकोविच फेडररच्या कितीतरी पुढे आहे. पण अब्जाधीशांच्या यादीत गेला तो फेडरर. शिवाय शेअर म्हणजे खात्यातली रोकड नव्हे, भाव पडला की तो आकडाही पडतो.

'पहिला अब्जाधीश' हेही चूक. रोमानियाचा इऑन तिरिआक हा 1970 च्या फ्रेंच ओपनमधला पुरुष दुहेरीचा विजेता. बँक आणि इतर धंद्यांवर तो फेडररच्या कितीतरी आधी अब्जाधीश झाला. गंमत म्हणजे बोरिस बेकरचा मॅनेजर हाच. 17 व्या वर्षी विम्बल्डन जिंकणाऱ्या बेकरने बक्षिसांतच सुमारे अडीच कोटी डॉलर मिळवले. 2017 मध्ये लंडनच्या कोर्टाने त्याला दिवाळखोर ठरवलं आणि देणेकऱ्यांपासून मालमत्ता लपवल्याबद्दल 2022 मध्ये तो तुरुंगात गेला. मेसेज लिहिणाऱ्याला ही जोडी बरी दिसली नाही!

'सगळा पैसा खात्यात' याबद्दल निफाडच्या बागायतदाराला विचारा. द्राक्षाची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली म्हणून तेवढी रक्कम घरात आली असं तो मानत नाही. औषधं, मजुरी, कर्जाचा हप्ता आधी जातो. इथेही कोच, फिजिओ, विमानं, एजंटचं कमिशन आहेच. वर जिथे खेळाल तिथला कर. अमेरिकन टेनिसपटू आंद्रे आगासीला नाइकी आणि रॅकेट बनवणाऱ्या हेडने दिलेले पैसे त्याच्या अमेरिकेतल्या कंपनीत जात होते, तरी ब्रिटनमधल्या स्पर्धांच्या वाट्याचा कर ब्रिटनला द्यावाच लागेल, असा निकाल तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 2006 मध्ये दिला.

राहिला पोरांचा प्रश्न. आपल्याकडची सर्वांत यशस्वी महिला टेनिसपटू सानिया मिर्झा. 6 ग्रँड स्लॅम दुहेरी विजेतेपदं, दुहेरीत जगात पहिला क्रमांक, आणि संपूर्ण कारकिर्दीतली बक्षिसं 70 लाख डॉलरच्या आसपास. क्लासची फी भरताना डोळ्यांसमोर आकडाच हवा असेल तर हा ठेवा.

बाकी मेसेजमधलं फेडररच्या 20 ग्रँड स्लॅमचं वाक्य बरोबर आहे.