खुर्चीतून यादी करणाऱ्याचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गौरी आवाहनाच्या दिवशी, घरात पाहुणे आणि स्वयंपाकघरात धांदल असताना, माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. खाली 'एक जुना नायनर, फ्रीमाँट' एवढीच सही असल्यामुळे आपल्याला नावाने संबोधता येत नाही, याची खंत आहे. मी माझ्या लेखाखाली नाव लिहितो.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. मंगळवारी, ३० ऑगस्ट २०२२ रोजी, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या सर्व संघांना आपापली यादी ८० खेळाडूंवरून ५३ वर आणावी लागली. त्या दिवशी आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी (चाहत्यांचे 'नायनर्स') नेट सडफेल्ड या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूला, सोडले आणि यंदाच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, शेवटचा, म्हणजे २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी याला तिसरा क्वार्टरबॅक म्हणून ठेवले. हा निर्णय चुकला, असे मी लिहिले. आपले म्हणणे असे की निर्णय योग्यच होता. सडफेल्डला वेव्हर्समधून (सोडलेल्या खेळाडूला इतर संघ उचलू शकतात त्या टप्प्यातून) जावे लागत नाही आणि पर्डीला लागते, हा साधा नियम मला माहीत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या आणि यादीनंतर लगेच सोडलेल्या ट्रे सर्मनसाठी मी उगाच गळा काढला. आणि त्याच जागेवर खेळणाऱ्या, संघात ठेवलेल्या जॉर्डन मेसनबद्दल चकार शब्द लिहिला नाही. एवढ्यावर आपण थांबला असतात, तर मी चार ओळींत आभार मानून मोकळा झालो असतो. पण शेवटी आपण लिहिले आहे: 'खुर्चीत बसून कुणाला ठेवावे आणि कुणाला काढावे हे सांगणाऱ्यांचे स्वतःचे नाव कधी कुठल्या यादीतून कापले गेलेले नसते.'

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या वाक्याच्या सुराला. आपण स्वतः उभे राहून प्रतिक्रिया लिहिली असेल, असे मला वाटत नाही, आणि प्रशिक्षक काइल शॅनाहन व महाव्यवस्थापक जॉन लिंच यांच्या बैठकीत आपल्यासाठी पाट मांडला होता, असेही प्रतिक्रियेवरून दिसत नाही. दोघेही खुर्चीतच बसलेलो आहोत. फरक इतकाच की मी त्या खुर्चीत बसून चौदाशे शब्द लिहिले आणि आपण त्यांतल्या एका शब्दावर बोट ठेवले.

आता यादीतून नाव कापले जाण्याविषयी. मी कोल्हापूरचा आहे. पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले की ज्या शहरात दुकानदार शटर अर्धे ओढून निघतात, त्या शहरात मी वाढलो. (तो चेंडू गोल आणि इथला लांबट, हे मला ठाऊक आहे, ते कळवण्यासाठी आपण दुसरी प्रतिक्रिया लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत.) १९९३ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, मी एका तालमीच्या संघात तिसऱ्या गोलकीपरच्या जागेसाठी तीन महिने पहाटे साडेपाचला मैदानावर जात होतो. तालमीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या संघातली माणसे आजही गावी गेलो की भेटतात. हंगामाआधी नोंदणीची यादी फळ्यावर खडूने लिहिली गेली, तेव्हा तिच्यात माझे नाव नव्हते. ही गोष्ट मला कुणी बोलावून सांगितली नाही; कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितली, आणि वर चहाचे पैसेही घेतले नाहीत, जे मला त्या दिवशी सर्वांत जास्त लागले.

माझ्या जागी ठेवला गेला तो पस्तिशीतला, गुडघ्याला पट्टा बांधून उतरणारा एक गडी. मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. आज मात्र मला तो निर्णय अगदी बरोबर वाटतो, कारण पहिला गोलकीपर जायबंदी झाला आणि दुसऱ्याचे हातपाय गळाले, तर गच्च भरलेल्या मैदानाचा आरडाओरडा आधी ऐकलेला माणूस बाकावर हवा असतो, कोवळा पोरगा नव्हे. त्या हंगामात त्या गृहस्थांवर खेळण्याची वेळ एकदाही आली नाही, हा भाग वेगळा. तिसऱ्या जागेवर कोण असावे, हा प्रश्न मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही, एवढेच मला सांगायचे होते. ते तुम्हाला तुमच्या त्या एका वाक्यात मावले नाही. (इथे मी 'आपण' सोडून 'तुम्ही'वर आलो आहे, आणि ते तसेच राहू देतो.)

आणि म्हणूनच पर्डीची जागा मला खटकली. आपल्या संघाकडे आज पाहा. पहिला क्वार्टरबॅक ट्रे लान्स. त्याला गेल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड मोजली, पण पहिल्या वर्षात तो सुरुवातीपासून खेळला ते सामने दोन, आणि त्याआधी कॉलेजच्या २०२० च्या हंगामात त्याच्या वाट्याला सामना आला तो एक. पॅकर्सविरुद्ध १२ ऑगस्टला डॅनी ग्रेला टाकलेला ७६ यार्डांचा टचडाउन मीही पाहिला आणि मीही खुर्चीतून उठून उभा राहिलो, परंतु तो सराव सामना होता. दुसरा क्वार्टरबॅक जिमी गारोपोलो. फेकण्याच्या हाताच्या खांद्यावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झालेला हा माणूस सारे सराव शिबिर बाजूच्या मैदानावर, संघापासून वेगळा, चेंडू टाकत होता, आणि यादी जाहीर होण्याच्या एक दिवस आधी, २४.२ दशलक्ष डॉलरच्या मूळ पगाराऐवजी ६.५ दशलक्षांची हमी आणि वर खेळेल तसा मोबदला, अशा नव्या कराराने तो परत आला. थोडक्यात, पहिल्याने हे काम फारसे केलेले नाही आणि दुसऱ्याने ते या उन्हाळ्यात केलेले नाही. अशा वेळी २०१६ पासून या लीगमध्ये असलेला, गेले वर्षभर याच संघाच्या सरावात राबलेला आणि ज्याला २० लाख डॉलरची हमी दिलेली आहे, असा माणूस दारातून बाहेर काढायचा आणि तिसऱ्या जागेवर असा मुलगा बसवायचा की ज्याला ड्राफ्टच्या रूढीप्रमाणे 'मिस्टर इररेलेव्हंट' हे बिरुद मिळाले आहे, यात मला शहाणपण दिसले नाही, आणि अजूनही दिसत नाही.

या संघाला तिसरा क्वार्टरबॅक लागत नाही, असेही कुणी म्हणू नये. २०१८ मध्ये गारोपोलोचा गुडघा सप्टेंबरमध्येच गेला, आणि १ नोव्हेंबरच्या गुरुवारी रात्री, रेडर्सविरुद्ध, निक मलेन्स नावाचा ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेला मुलगा पहिल्यांदा उतरला. मी त्या रात्री लीव्हाइज स्टेडियममध्ये होतो. शेजारचे गृहस्थ फोनवर त्याचे नाव कसे लिहितात ते शोधत होते. आपण ३४–३ असे जिंकलो. मलेन्सने तीन टचडाउन टाकले आणि त्याचे यार्ड भरले २६२, हा आकडा आपल्याला ओळखीचा वाटून आपण त्यातून काही अर्थ काढाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो की तो योगायोग आहे. मलेन्सचे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते असे वरवर वाटेल, पण तसे नाही. मलेन्सने त्याआधीचे सारे वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे ५३ जणांबाहेरच्या सराव तुकडीत, काढले होते आणि शॅनाहनची खेळी त्याला तोंडपाठ होती. पर्डीला इथे येऊन चार महिने झाले आहेत. त्यालाही १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर ठेवून मुरू द्यायला हवे होते, एवढाच माझा आग्रह होता.

राहता राहिला नियमाचा मुद्दा. लेखात मी सडफेल्डला 'वेव्ह केले' असे लिहिले, ते चुकीचे होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. चार किंवा अधिक हंगाम भरलेला खेळाडू या दिवसांत थेट मुक्त होतो. त्याहून कमी हंगाम झालेला खेळाडू वेव्हर्सवर जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेल्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला उचलू शकतो. शब्दाची चूक झाली. पण म्हणून पर्डीला कुणी उचललेच असते, हा निष्कर्ष आपण कुठून काढला? एप्रिलच्या अखेरीस बत्तीस संघांनी मिळून २६१ वेळा दुसऱ्या कुणाचे तरी नाव घेतले. ज्याच्याकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिले नाही, त्याच्यासाठी ऑगस्टमध्ये रांग लागली असती, असे मानायला आशावादी स्वभाव लागतो. सडफेल्ड मुक्त आहे, तेव्हा त्याला केव्हाही प्रॅक्टिस स्क्वॉडवर परत आणता येईल, असेही आपण लिहिले होते. तो आठवडा संपायच्या आत डेट्रॉइटला गेला. याविषयी आपल्या पुढच्या प्रतिक्रियेत काही वाचायला मिळेल, अशी आशा आहे.

सर्मनसाठी मी गळा काढला नाही. ज्या खेळाडूसाठी गेल्या वर्षी चौथ्या फेरीच्या दोन निवडी देऊन तिसऱ्या फेरीत वर सरकलो, तो यादीत बसल्याच्या दुसऱ्या दिवशी जातो, याची मी नोंद घेतली. मेसन चांगला पळतो. झाले?

११ सप्टेंबरला शिकागोत पहिला सामना आहे. पर्डी त्या दिवशी टोपी घालून बाजूला उभा असेल, आणि माझा अंदाज विचाराल तर जानेवारीपर्यंत तो तसाच उभा राहील. या हंगामात त्याच्यावर सुरुवातीपासून खेळण्याची वेळ आलीच, तर मूळ लेखातली एकही ओळ मी बदलणार नाही किंवा काढून टाकणार नाही. आपण अवश्य येऊन तो पुन्हा वाचावा, आणि त्या वेळी तरी खाली पूर्ण नाव लिहावे.

लेखातला 'वेव्ह केले' हा शब्द काढून 'मुक्त केले' असा बदल आज सकाळी केला आहे.