वावरातला आकडा

रब्बीत आमच्या वावराला एक आठवडा दिवसा लाइन असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची वेळ कागदावर ठरलेली आहे, पण लाइन काही तो कागद वाचून येत नाही. दारव्हा तालुक्यातलं गाव, तीन एकर हरभरा, एक बोअर. बोअरजवळ पत्र्याची खोली आणि खोलीवर बांबूला टांगलेला शंभरचा बल्ब. लाइन आली की बल्ब पेटतो आणि आमच्या अंगणातल्या बाजेवरून दिसतो. मग बाबा टॉर्च, काठी आणि खर्र्याची पन्नी घेऊन ओलिताला निघतात. वय 71.

अडचण एवढीच की बल्ब वाजत नाही. बाबांना दर अर्ध्या तासानं उठून तिकडं पाहावं लागतं. थंडीत हे बरं नाही, असं माझ्या मनात आलं. मी गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म. त्यामुळे लोक मला कम्प्युटरमधला समजतात, आणि दुर्दैवानं मीही समजतो.

दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला होता. तो म्हणाला, "काका, जुना लॅपटॉप मोटरच्या खोलीत ठेवा. विंडोजच्या जागी लिनक्स टाका. चार्जरला करंट आला की एका फाइलमधल्या 0 चा 1 होतो. त्या फाइलवर नजर ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. 1 झाला की आजोबांना मेसेज." मेसेज कशावरून? व्हॉट्सॲपवर असले बाहेरचे प्रोग्राम लावले तर नंबर बंद होऊ शकतो, आणि माझ्या नंबरावर माझं सगळं दुकान चालतं. म्हणून सिग्नल, व्हॉट्सॲपसारखंच मेसेजचं दुसरं ॲप. पण सिग्नलचं अधिकृत ॲप माणसानं बटण दाबण्यासाठी आहे. रात्री दोन वाजता वावरात बटण दाबायला माणूस असता तर त्यानं मोटरच नसती का सुरू केली? म्हणून 'सिग्नल-सीएलआय' नावाचा प्रोग्राम. खिडकी नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. सिग्नलवाल्यांनी काढलेला नाही, बाहेरच्या लोकांनी लिहिलेला. पुतण्यानं दोन ओळी कागदावर लिहून दिल्या आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून गेला.

बाबा खर्रा घोटत ऐकत होते.

"कंपनीचा नाई म्हन्तं?"

"नाही."

"पन लाइन कंपनीचीच वापरते?"

"हो."

"म्हंजे आकडा टाकला म्हन नं लेका."

मी त्यांना समजावलं की ही चोरी नव्हे, दोन्हीकडचा कोड उघडा आहे, कोणीही वाचावा. बाबा म्हणाले, "आकडा बी उघडाच रायते. साऱ्याले दिसते."

पहिली ओळ टाइप केली. उत्तरात वीस-बावीस ओळी आल्या, आणि त्यांचा मथितार्थ असा की हा प्रोग्राम क्लास फाइल 65.0 चा आहे आणि तुमची जावा (हा प्रोग्राम जिच्यावर चालतो ती भाषा) 55.0 पर्यंतच ओळखते. शोधल्यावर कळलं की 65 म्हणजे जावा 21 आणि 55 म्हणजे जावा 11. जावाच्या घरात वय सांगताना 44 मिळवून सांगायची पद्धत असावी. हे नुसतं 'तुमची जावा जुनी आहे' असं सांगता आलं असतं, पण मग मला रात्रभर काम काय राहिलं असतं?

जावा 21 आणली. आता प्रोग्राम सुरू झाला, दोन पावलं चालला आणि बसला. आत 'लिबसिग्नल' नावाची लायब्ररी असते. कुलूपकिल्लीचं खरं काम ती करते. ती जावात नाही, रस्ट नावाच्या दुसऱ्याच भाषेत लिहिलेली. तिला ग्लिबसी नवी पाहिजे होती. ग्लिबसी म्हणजे लिनक्सच्या अगदी तळाची लायब्ररी, बाकी सगळं तिच्यावर उभं. माझी होती दहा वर्षांपूर्वीची. मग नुसती ग्लिबसी बदलू, असं मी ठरवलं आणि बाबांना सांगितलं. बाबांना लिनक्स येत नाही, पण बोअर येतो.

"स्टार्टर बदलते. मोटर बदलते. पाइप बी बदलते. केसिंग बदलते का बे? केसिंग बदलाची म्हंजे नवा बोअर मारा लागते."

मी ऐकलं नाही. केसिंग ओढली. त्यानंतर लॅपटॉपवर साधी फाइलींची यादीसुद्धा दिसेना.

म्हणजे नवा बोअर. अख्खं लिनक्स नव्यानं उतरवायचं, आणि माझा डेटा रोजचा दीड जीबी. पहिल्या दिवशी माझा संपला, दुसऱ्या दिवशी बायकोचा. तिची सिरियल अर्ध्यात थांबली तेव्हा तिनं विचारलं, "अहो, शेजारच्यायच्या मोटरीले मोबाइल ऑटो हाये. लाइन आली का त्यायले फोनच येते. थो काऊन नाई घेत तुमी?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते जोरात म्हणण्यासारखं नव्हतं.

पाचव्या दिवशी सगळं जुळलं. राहिली नोंदणी. स्वतःच्याच खात्यावरून स्वतःला पाठवलेला मेसेज वाजत नाही, म्हणून लॅपटॉपला वेगळा नंबर पाहिजे. घरात असा नंबर एकच, आईच्या बटणाच्या फोनमधला. आधी कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे पटवणारं कोडं, सोडवला. तो ब्राउझरमध्ये सोडवायचा, खालच्या लिंकवर उजवं क्लिक करून तिची दोन-अडीच ओळींची शेपटी उचलायची आणि काळ्या पडद्यावर आणून चिकटवायची. शेपटी शिळी झाली तर चालत नाही. चौथ्या खेपेला चालली, आणि आईचा फोन वाजला.

"आई, सहा आकडे आले असतील. सांग."

"नाई सांगत."

"अवं मीच मागवले."

"असंच म्हन्तेत ते. ब्यांकेतल्या सायबानं सांगतलं हाये, पोटचा पोरगा आला तरी सांगाचे नाई."

साहेब असं म्हणाला नसावा. शेवटचा भाग आईनं स्वतः वाढवला असणार. पण पोटचा पोरगा समोर उभा होता आणि नियम मोडत नव्हता. शेवटी बाबांनी मध्यस्थी केली, आईनं फोन माझ्या हातात न देता पदराआडून एकेक आकडा वाचला, आणि प्रत्येक आकड्यानंतर माझ्याकडे पाहिलं.

चाचणी घरीच घेतली. चार्जर काढला, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा लावला. बाबांना माझा जुना टच फोन दिला होता, तो ठणठण वाजला. पडद्यावर दोन शब्द: लाइन आली. मी भारावून बाबांना सांगितलं की हा मेसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूपबंद आहे, दर मेसेजला किल्ली बदलते, मधल्या सर्व्हरलाही वाचता येत नाही. व्हॉट्सॲपनंसुद्धा 2016 पासून हेच कुलूप वापरलं आहे.

बाबांनी विचारलं, "लाइन आल्याचं कोनापासून लपवाचं हाये?"

हा मुद्दा मी सोडून दिला. दुसरी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगून टाकली, की सर्व्हरकडचे नियम बदलत राहतात, म्हणून हा प्रोग्राम सारखा नवा करत राहावा लागतो. तीन महिन्यांवर जुना झाला की त्याचा भरवसा नाही.

"नव्वद दिवस," बाबा म्हणाले. "सोयाबीन बी याच्याहून जास्त टिकते."

सोमवारपासून रात्रीची पाळी लागली. संध्याकाळीच लॅपटॉप मोटरच्या खोलीत नेऊन स्टार्टरच्या बाजूच्या बोर्डात चार्जर खुपसला. शेजारी हॉटस्पॉटसाठी आणखी एक जुना फोन. झाकण मिटलं, उंदरांसाठी वर टोपलं ठेवलं. बाबांना म्हटलं, "आज बल्ब पाहू नका. फोन उशाशी ठेवा आणि झोपा." बाबा 'हो' म्हणाले. इतक्या सहज म्हणाले तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

पाचला जाग आली. बाबांची बाज रिकामी. वावरात गेलो तर बल्ब पेटलेला, मोटर सुरू, अर्ध्याहून जास्त हरभरा ओला, आणि बाबा धुऱ्यावर बसून पाय वाळवत होते.

"मेसेज आला होता?"

"कुठचा येते! एक वाजता बल्ब पेटला, म्हून आलो. तुहा लॅपटॉप मरून पडला होता. त्याची ब्याटरी किती चालते?"

"पावणेदोन तास."

"आन लाइन केव्हाची गेली होती?"

मी उत्तर दिलं नाही. लाइन आल्याची वार्ता द्यायला बसवलेला गडी लाइन येईपर्यंत जिवंतच राहू शकत नव्हता. घरच्या चाचणीत मी दहाच मिनिटं थांबलो होतो.

"लाइन आल्यावर चार्ज व्हाले लागला," बाबा म्हणाले. "म्या म्हटलं, होऊ दे बिचाऱ्याले. उठवलं नाई."

खोलीत जाऊन मी टोपलं काढलं आणि बटण दाबलं. हॉटस्पॉटचा फोनही चालू केला. लॅपटॉपनं दोन मिनिटं घेतली. स्क्रिप्टनं फाइल पाहिली, तिथं 1 होता. बाहेर बाबांच्या खिशात ठणठण वाजलं. त्यांनी फोन काढला, लांब धरला, वाचला.

"आली म्हन्ते," बाबा म्हणाले.

तेवढ्यात बल्ब विझला.