कार्बन कमी करायचाय? या, बसा!

सरकारांनी धूर कसा कमी करावा, यावर तुम्हालाही मत मांडायचंय ना? उत्तम. परवा एका वाहिनीवर मी दीड तास हाच वाद ऐकला. चोपड्याकडच्या मळ्यात, मोबाइलवर, डिझेल इंजिनाच्या धडधडाटात. इंजिनाचं नंतर सांगतो, आधी तुमची तयारी करून घेऊ.

पहिलं म्हणजे मुदत लांबची घ्या. २०३० नको, तोवर विचारणारे जिवंत असतात. २०७० बरं. २०२१ साली ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत, कार्बन निव्वळ शून्यावर आणायला, आपण तेच साल जाहीर केलं. तेव्हा मी एकशे बारा वर्षांचा असेन, हिशेब मागायला काठी टेकत येईन.

क्रियापदं जपून वापरा. त्याच ग्लासगोत शेवटच्या घटकेला कोळसा 'बंद करणे' खोडून 'कमी करणे' लिहिलं गेलं. इकडे भुसावळजवळ दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला. (माणशी धूर आपला अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी, हे मात्र खरं. पण दीपनगरची राख ते बघून पडत नाही.)

अमेरिकेवर बोट ठेवाच. हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर, मग आत, पुन्हा बाहेर. आमच्याकडचा जावईसुद्धा अधिक महिन्यात इतका रुसत नाही.

कराचा विषय निघाला की खुर्ची पुढे ओढा. स्वीडनने १९९१मध्ये कार्बनवर कर लावला, तो आजही आहे. ऑस्ट्रेलियाने २०१२मध्ये लावला, सरकार बदललं, २०१४मध्ये काढून टाकला. आपण दोघांपेक्षा हुशार. २०१०मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. २०१६पर्यंत तो ४०० झाला. २०१७मध्ये जीएसटी आला आणि पैसा जीएसटीपायी राज्यांना होणाऱ्या तोट्याच्या भरपाईकडे वळला. २०२५च्या सप्टेंबरात तो उपकरही गेला, कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ झाला. पाटी बदलली, गल्ला तोच.

झाड लावतानाचा फोटो टाका. झाड नंतर बघू.

आणि सौरऊर्जेची स्तुती करा. मनापासून करा, मीही करायचो. मळ्यातल्या पंपासाठी विजेच्या जोडणीचे पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तर वीज कंपनीवाले म्हणाले, "आता सौर पंप घ्या." घेतला. ऊन तर आमच्याकडे ४५ अंशांचं, फुकट. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जाणं सुटलं. मग मे महिन्यात वादळ आलं. चार प्लेटा उडाल्या, कंट्रोलर जळाला. पाच वर्षांची हमी, वर विमा. मी निर्धास्त! फोन लावला, तर ॲपवर तक्रार टाका. टाकली. बारा दिवसांनी एक पोरगा आला, अक्षांश-रेखांशासह फुटक्या प्लेटांचा फोटो काढला, चहा पिऊन गेला. संध्याकाळी मोबाइलवर संदेश: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' निकाली! पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. वीज कंपनीच्या कचेरीत गेलो तर ते म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे विम्याला विचारा, विमावाले म्हणे पंचनामा कुठाय? सालदार रोज प्लेटांकडे बघून म्हणतो, "आप्पा, ऊन भलतंच शे, पन पानी नही." बागेत घड लोंबतायत, तापत्या वाऱ्यात पानं फाटतायत, केळीला पंचनामा समजत नाही. शेवटी भाड्याने डिझेल इंजिन आणलं. दिवसाला आठ लिटर. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सरकारी हरित योजनेचा लाभार्थी मी रोज एकवीस-बावीस किलो धूर सोडतोय, आणि योजनेच्या यादीत माझं नाव अजून 'धूर वाचवणारा' म्हणून आहे.

बास झाली थट्टा. कर लावा, कार्बनचा बाजार मांडा, अनुदान द्या, काय भांडायचं ते भांडा. पण स्वच्छ ऊर्जेच्या नावाने शेतात उभी केलेली वस्तू बंद पडली तर दुरुस्त करणारा माणूस का मिळत नाही, हे तुमच्यापैकी एकाही पंडिताने दीड तासात विचारलं नाही. लाज वाटायला हवी. पोरगा पाठवताय ना, तर त्याच्या हातात कॅमेऱ्याऐवजी पाना द्या. आणि निकाली काढायच्या आधी मला एक फोन करा, इंजिन बंद करून बोलतो.