‘ऑपरेशन झालंय, आता काही खाल्लं तरी चालतंय’? नाही चालत!

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचा मजकूर असा: वजन कमी करायचं ऑपरेशन ही आळशी माणसाची पळवाट, पोट लहान झालं की काहीही खा, वजन वाढत नाही, व्यायामाची गरज उरत नाही, अशक्तपणा वाटला तर रस्सा आणि ज्यूस प्या, सहा महिन्यांनी गोळ्या बंद करा. आमच्या जाऊबाईंचं हे ऑपरेशन झालंय आणि त्यांचं ताट रोज मीच वाढते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी रस्स्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त घात हाच सल्ला करतो. आपल्याकडं मटणाचं ताट म्हणजे वाटीवर वाटी तांबडा-पांढरा, फोडी मोजक्याच. यातल्या स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. जे उरतं त्यात वाटीभर पांढरा गेला की जागा संपली. रस्स्यात बहुतेक पाणी, तेल आणि नारळाचं दूध, प्रथिनं फोडीत. डॉक्टर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं सांगतात आणि एका अंड्यातून मिळतात जेमतेम ६. मग रस्सा पिऊन पोट भरायचं कसं परवडेल? ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे आठवडे पातळ खायचं असतं हे खरं, पण ते टाके भरून येण्यासाठी. तो काळ सरला की ताटाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी अंडं, मासा, पनीर नाहीतर मऊ शिजवलेला खिमा, मग भाजी, आणि भाकरीचा तुकडा जागा उरली तर. जाऊबाई छोट्या चमच्यानं, एकेक घास पार बारीक होईपर्यंत चावून जेवतात. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासानं. पाहुण्यांकडं गेलं की “वहिनी, रस्सा तरी घ्या की!” सुरू होतं. आग्रह मायेचा असतो, कळतं मला. पण नका करू.

ज्यूसचंही तेच. उसाचा रस, आईस्क्रीम, मिल्कशेक लहान पोटातूनही सहज खाली उतरतं आणि पोट भरल्याचं कळतही नाही. फरसाणही घासाघासानं दिवसभर जातं. वजन परत वाढतं ते असंच, बहुतेकदा पहिल्या दीड-दोन वर्षांनंतर. शिवाय गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन) झालेल्यांच्या आतड्यात साखर एकदम उतरली की घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब. ‘काहीही खा’ म्हणणाऱ्यानं हा त्रास एकदा डोळ्यांनी बघावा.

व्यायाम तर आधीपेक्षा जास्त लागतो. भराभर वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि स्नायू कमी झाले की शरीर बसल्या जागी कमी ऊर्जा खर्च करतं. चालणं डॉक्टर दवाखान्यातच सुरू करायला लावतात. घरी आल्यावर रंकाळ्याला पूर्ण फेरीच मारायला हवी असं नाही. दमल्यावर बसता येईल इतकंच अंतर ठरवावं. ताकदीचे व्यायाम मात्र सर्जननं होकार दिल्यावरच. तालमीच्या गावात राहतो म्हणून थेट जोर-बैठकांना हात घालू नये. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं ही सुरुवात पुरेशी आहे.

आळशीपणाचा आरोप मला सगळ्यात लागतो. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवून ते परत आणू पाहतं. स्लीव्हनंतर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक कमी होतं, म्हणून माणसाला थोडक्यात थांबणं जमतं. हा उपचार आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला आपण पळपुटा म्हणतो का?

आणि गोळ्या. बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची गरज सहा महिन्यांनी संपत नाही, जन्मभर राहते. बी १२ कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, ॲनिमिया होतो. वेळेत लक्ष दिलं नाही तर नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. उलट्या थांबतच नसतील तर लिंबूपाण्यावर दिवस काढू नका, त्याच दिवशी आपल्या सर्जनला गाठा; थायमिन (बी १ जीवनसत्त्व) संपलं तर मेंदूवर परिणाम होतो.