होमवर्क पोरीचा, डोकं माझं

पोरगी दुसरीत इंग्लिश मिडीयमला आणि अभ्यास मात्र माझाच चाललाय. आधी ते प्रिपोझिशन. गाडीत बसलं की इन द कार आणि बसमध्ये बसलं की ऑन द बस, अरे का? टपावर बसतो का आम्ही? (लग्नसराईतली एसटी सोडून बोलतेय.) पाच वाजता असेल तर ॲट, सोमवारी असेल तर ऑन, जूनमध्ये इन, बरं सकाळी इन द मॉर्निंग म्हणून घोकून घेतलं तर रात्री लगेच ॲट नाइट! आपलं कसं, टेबलावर, टेबलाखाली, शब्दाला मागून चिकटवलं की झालं. कारण विचारलं तर शाळेतून उत्तर काय, ऐकून ऐकून येईल. घरात इंग्लिश बोलतंय कोण, कुकर?

त्यात रायमिंग वर्ड्स. कॅट बॅट रॅटपर्यंत मजा येते, मग सुरू होतो खरा छळ. फूड, गुड, ब्लड, तिन्हीत डबल ओ आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. टफ, दो, थ्रू, कॉफ, सगळ्यांच्या शेवटी तेच ओयूजीएच, जुळत कुणाचंच नाही. उलट चेअर, बेअर, देअर यांची स्पेलिंगं बघाल तर एकमेकांना ओळखही देणार नाहीत पण ते म्हणे रायमिंग! लेकराने स्पेलिंग बघून लिहिलं तर लाल फुली, मग ते बिचारं रडणार, मी चिडणार, भात करपणार.

आज तर मंथला रायमिंग वर्ड आणायला सांगितलाय. शोधा तुम्हीच.